'साभार परत' आणि 'छान!' यांच्या मधलं
(ठाण्यात कथालेखकांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मंडळी, येताना तलावपाळीवर रविवारची गर्दी होती, त्यामुळे दहा मिनिटं उशीर झाला. तेवढ्यात तुम्ही एकमेकांच्या कथा वाचून टाकल्यात असं दिसतंय, कारण दारातच दोनदा 'भिडली' ऐकलं. हा शब्द मला घाबरवतो. कथा भिडली म्हणजे नक्की कुठे भिडली? कितव्या पानावर? ते विचारलं की समोरचा माणूस चहाकडे वळतो.

या गावाला वाचकांची वाण कधीच नव्हती. १८९३ पासून आपल्याकडे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पण वाचणं वेगळं आणि वाचलेलं लेखकाला परत सांगणं वेगळं. गेली काही वर्षं मी पैसे घेऊन हे दुसरं काम करतो. कथा येते, मी वाचतो, चार-पाच पानांचं पत्र लिहितो. ओळखीतले अजून विचारतात, 'अभिप्रायाचे पैसे?' तीन हजार शब्दांची कथा वाचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्याचे पैसे कोणी देऊ नयेत. पैसे दुसऱ्या वाचनाचे असतात. पहिल्या वाचनाला मी पेन्सिलीने फक्त खुणा करतो. जिथे थांबलो, मागे जाऊन परत वाचलं किंवा पान उलटून किती उरलंय ते पाहिलं, तिथे एक टिंब. शब्द लिहायचा नाही. कारण तिथेच कारण लिहिलं की ते खरं वाटायला लागतं. दुसऱ्या दिवशी कथा पुन्हा वाचायची आणि प्रत्येक टिंबापाशी स्वतःला विचारायचं, मी का थांबलो होतो? निम्म्या वेळा चूक त्या ओळीत नसतेच, दोन पानं आधी असते. शेवट झेपला नाही असं वाटतं आणि खरं तर त्या माणसाला पैशांची गरज आहे हे लेखकाने कुठे सांगितलेलंच नसतं.

आपल्याकडे हे काम नवीन नाही. मुंबईत गिरगावातल्या खटाववाडीतून 'सत्यकथा' हे वाङ्मयीन मासिक निघायचं, १९८२ साली बंद पडलं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना कथेबद्दल सविस्तर पत्रं लिहिली, पुनर्लेखन करून घेतलं. बाकीच्या ठिकाणी नकाराची, 'साभार परत'ची छापील चिठ्ठी यायची, तीही आली तर. त्या पत्रांवर मराठी कथेची एक पिढी घडली हे खरं. आणि त्यातून 'सत्यकथा'छापाचा एक साचा झाला अशी तक्रार झाली, लघुनियतकालिकांची, म्हणजे प्रस्थापितांना नाकारून स्वतःचे छोटे अंक काढणारी तरुण मंडळी त्यावर तुटून पडली, हेही खरं. मला दोन्ही बाजू पटतात. चांगला वाचक जितका बारकाईने वाचतो तितकी त्याची आवड लेखकाच्या हाताला चिकटण्याची भीती जास्त.

याचं टोक पाहायचं तर अमेरिकेत जावं लागतं. रेमंड कार्व्हर या कथाकाराचा १९८१ सालचा संग्रह संपादक गॉर्डन लिश यांनी असा कापला की एकूण मजकूर निम्म्याच्या आसपास उरला. काही कथांचे शेवट बदलले, नावं बदलली. १९८० च्या जुलैत कार्व्हरने कळवळून पत्र लिहिलं, छपाई थांबवा म्हणून. पुस्तक निघालं, गाजलं, कमी शब्दांत लिहिणारा म्हणून कार्व्हरचं नाव झालं. मूळ कथा २००९ मध्ये स्वतंत्र छापल्या गेल्या, तोवर कार्व्हर जाऊन एकवीस वर्षं झाली होती. कापलेल्या कथा बऱ्या की मूळच्या, यावर लोक अजून भांडतात. माझा प्रश्न साधा आहे: त्या कथा कोणाच्या?

आता माझी स्वतःची चूक सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा दुसऱ्यांच्याच काढतोय. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासावर एका बाईंनी कथा पाठवली. वडील संमतीपत्रावर सही करत नाहीत, मुलगा वैतागलाय, बिल्डरचा माणूस रोज येतो. ठाण्यात दर तिसऱ्या घरात घडणारी गोष्ट, पण त्यांनी ती फार शांतपणे लिहिली होती. मधे दोन ठिकाणी शेजारच्या बाई विरजण मागायला येतात, इकडचं तिकडचं बोलतात, जातात. तिथे माझं टिंब पडलं होतं. मी पत्रात ऐटीत लिहिलं, 'हे पात्र कथेला पुढे नेत नाही, काढून टाकावं.' बाईंनी आज्ञाधारकपणे काढलं. महिनाभराने दुसरा खर्डा आला आणि मी वाचायला बसलो, तर वडील म्हणजे नुसता हट्टी म्हातारा. माणूसच गेला होता त्यातला. मग लक्षात आलं, अख्ख्या कथेत ते फक्त त्या शेजारणीशीच सरळ बोलत होते. घर सोडायचं म्हणजे काय सोडायचं, हे त्या वाटीभर विरजणात होतं आणि मी ते नाल्यात ओतायला लावलं.

टिंब खोटं नव्हतं. मी तिथे रेंगाळलो होतो, कारण दोन्ही भेटी एकसारख्या होत्या, दुसऱ्या वेळी काहीच बदललं नव्हतं. मी एवढंच लिहायला हवं होतं: 'दुसऱ्या भेटीला माझं लक्ष सुटलं, पहिलीत जे कळलं तेच पुन्हा कळलं.' पुढचं त्यांचं त्यांनी पाहिलं असतं. मी फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, 'मलाही वाटलं होतं, पण तुम्ही पैसे घेऊन सांगताय म्हणजे बरोबरच असणार.' पैशाचा हाही तोटा, बघा.

तेव्हापासून पत्रात मी 'करा', 'काढा' लिहायचं टाळतो. अपवाद व्याकरणाचा आणि वस्तुस्थितीचा. पात्र ठाण्याहून पनवेलला लोकलने निघालं आणि मधे त्याला दादर लागलं, जे त्या वाटेवर नाहीच, तर 'काढा' असंच लिहिणार. तिथे लेखकाचा दृष्टिकोन वगैरे काही नसतो.

लेखकांसाठी थोडंसं. कथा पाठवताना सोबत एक-दोन प्रश्न पाठवा. 'कशी वाटली?' हा प्रश्न नव्हे. 'बहिणीला सगळं आधीपासून माहीत होतं हे तुम्हाला कुठे कळलं?' हा प्रश्न. दिवाळी अंकाला कथा द्यायच्या आदल्या आठवड्यात अभिप्राय मागू नका, तेव्हा तुम्हाला अभिप्राय नको असतो, धीर हवा असतो. तो घरच्यांकडून फुकट मिळतो. आणि कोणी बोलायला लागलं की 'मला तिथे असं म्हणायचं होतं' सुरू करू नका. जे म्हणायचं होतं ते त्याच क्षणी वहीत लिहून घ्या. पुष्कळदा कथेत नसलेलं वाक्य तेच असतं, आणि वाद घालण्याच्या भरात ते हवेत विरून जातं.

शेजारणीचं राहिलं. तिसऱ्या खर्ड्यात त्या परत आल्या. दुसऱ्या वेळी मात्र त्या विरजण मागायला येत नाहीत, वाटी परत द्यायला येतात, कारण त्यांनी सही केलेली असते. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

बरं, चहा यायला अवकाश आहे असं दिसतं. तुमच्यातल्या चौघांच्या कथा माझ्याकडे आहेत, प्रती सगळ्यांना मिळाल्या असतील. पहिल्या कथेचं तिसरं पान काढा. पेन्सिल घ्या, पेन नको. आणि ज्यांची कथा आहे त्यांनी पुढची वीस मिनिटं काही बोलायचं नाही.