परसातली माती, परसातल्या कोंबड्या

बोरिवलीच्या बाजूने खाडी ओलांडून गोराईला उतरले, की आपण मुंबईबाहेर आल्यासारखे वाटते; प्रत्यक्षात हे गावठाणही मुंबईच्याच हद्दीत आहे. इथल्या एका घराच्या मागे नारळ, केळी, शेवगा, अळूचा वाफा आणि विहिरीकडे जाणारी एक पायवाट एवढे परस उरले आहे. त्यात सहा कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात.

सकाळी या घरातल्या आजी खुराड्याचे दार उघडतात आणि ताटलीत तांदळाच्या कण्या टाकतात. पहिली चोच तांबूस कोंबडीची पडते. ठिपक्यांची कोंबडी मध्ये आलीच, तर तिला मानेवर टोचा बसतो. लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करणारे नॉर्वेचे थोर्लेइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी ही उतरंड 1920च्या दशकाच्या आरंभी शास्त्रीय लेखनात मांडली. आजींना ती रोजच्या ताटलीवरून ठाऊक आहे.

कण्या संपल्या की खरे काम सुरू होते. कोंबडी माती मागे उडवते, एक पाऊल मागे सरते आणि मान तिरकी करून उघड्या पडलेल्या जागेकडे एका डोळ्याने पाहते. वाळवी, अळ्या, झुरळे, गांडुळे, जे सापडेल ते ती टिपते, आणि केळीच्या बुंध्याभोवतीची माती आपोआप भुसभुशीत होत जाते. तिची ताजी विष्ठा रोपांना मानवत नाही, कारण तिच्यातील नत्र मुळे करपवू शकते. म्हणून खुराड्यातले तूस आणि विष्ठा पालापाचोळ्यात मिसळून काही महिने कुजवली जाते, आणि मगच ते खत अळूला मिळते. वाफ्यांना मात्र जाळी लावावीच लागते, नाहीतर कोवळी मेथी एका सकाळीत फस्त होते.

शेवग्याखालच्या एका खळग्यात चुलीची राख टाकलेली आहे. दुपारी कोंबड्या त्यात अंग टाकतात, पंखांनी धूळ पिसांत खोलवर उडवतात आणि डोळे मिटून पडून राहतात. पिसांतले जास्तीचे तेल आणि उवा कमी करण्याची ही त्यांची रीत आहे. शेजारच्या अंगणांत आता पेव्हर ब्लॉक बसले आहेत, आणि तेथे कोंबडी ठेवली तरी तिला उकरायला आणि लोळायला काही उरलेले नाही.

कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग नीट पाहावा. कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा असला, तरी कातडीला पिवळेपणा देणारे जनुक राखी रानकोंबड्याकडून आले असावे, असे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. आणि हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीच्या जंगलांतला रहिवासी आहे.

अंडे तयार व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात आणि त्यातला बहुतेक वेळ कवच घडण्यात जातो. त्यामुळे अंडे घालण्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मध्येच एखादा दिवस रिकामा जातो. कवचाला लागणाऱ्या कॅल्शियमसाठी आजी तिसऱ्यांचे शिंपले कुटून दाण्यात मिसळतात. नुकत्याच घातलेल्या अंड्यावरची ओलसर चकाकी काही क्षणांत वाळते आणि कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत शिरण्याला अटकाव करते. म्हणूनच या घरी अंडी धुऊन ठेवत नाहीत.

डालग्यातली करडी कोंबडी खुडूक झाली आहे. हात जवळ नेताच ती पिसे फुलवून गुरगुरते, आणि 21 दिवस ती बसून राहील. तिच्याखालची अंडी दुसऱ्या घरून आणलेली आहेत, कारण पहाटेच्या आरवण्याची तक्रार आल्यावर येथला कोंबडा नातेवाइकांकडे धाडावा लागला. पिल्ले निघाली की मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या रोगाची लस पहिल्याच आठवड्यात डोळ्यांत थेंब घालून दिली जाते. बर्ड फ्लूची बातमी आली, तर सगळ्यांना जाळीबंद खुराड्यात ठेवावे लागते.

दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होत जातात आणि दाण्याचा खर्च तेवढाच राहतो. सहापैकी दोघींनी अंडी देणे जवळजवळ थांबवले आहे. त्या दोघींनाही सकाळच्या कण्या मिळतात आणि विहिरीकडचा पाचोळा उकरायला सर्वांत आधी त्याच पोहोचतात.