पिशवी ओढली की डबाच वर का येतो? कचऱ्याचा डबा, बुडापासून विचार करून

(दोन्ही हातांनी भरलेली पिशवी वर ओढताना. पिशवीबरोबर डबाही जमिनीवरून उचलला जातो.)

हे बघा. मी ओढतेय पिशवी आणि वर येतोय डबा. आता एका पायानं डबा दाबून धरायचा, पिशवीला हिसका द्यायचा, आणि ती बरोबर मधोमध फाटते. हा प्रकार ज्यांच्या स्वयंपाकघरात कधीच झाला नाही त्यांनी व्हिडिओ इथेच बंद केला तरी चालेल. बाकीचे थांबा.

आपण डबा विकत घेताना काय बघतो? झाकण कसं उघडतं, रंग कुठला, ओट्याखाली मावतो का. म्हणजे कचरा टाकतानाचं सगळं बघतो. पण कचरा टाकायला एक सेकंद लागतो. खरी कटकट असते तो रिकामा करताना आणि धुताना, आणि ते दुकानात कुणीच करून बघत नाही. म्हणून आज डब्याचा विचार उलटा करायचाय. आधी रिकामं करणं, मग धुणं, आणि टाकणं सगळ्यात शेवटी.

तर, डबा वर का येतो? वजनामुळे नाही. पिशवी डब्याच्या भिंतींना घट्ट चिकटलेली असते. वर ओढली की तिच्या बुडाखाली पोकळी तयार व्हायला लागते आणि तिथे हवा शिरायला वाटच नसते. खालचा दाब कमी, वरचा होता तेवढाच, म्हणून पिशवी खाली धरली जाते. डब्याच्या बुडाचा व्यास २५ सेंटिमीटर धरा. खालचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा फक्त एक टक्क्यानं कमी झाला, तरी पिशवीवर साधारण ५ किलोचा भार येतो. एका टक्क्याला ५ किलो! कचरा ३ किलोचा असला तरी तुम्ही ८ किलो ओढताय, आणि पिशवीचं प्लास्टिक तेवढं सोसत नाही.

नवी पिशवी घालताना याच्या नेमकं उलट होतं. खाली हवा अडकते, पिशवी फुग्यासारखी वर येते, तुम्ही तिला बुक्के मारून खाली बसवता.

दोन्हीवर इलाज एकच. भोकं.

(ड्रिल दाखवत) कुठे पाडायची हे मात्र महत्त्वाचं. बुडाला पाडू नका. पिशवी गळली की सगळं फरशीवर येईल. बाजूच्या भिंतीत, तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर, चारही बाजूंना एकेक, ८ ते १० मिलिमीटरचं भोक. गळालेलं पाणी भोकांच्या खालीच राहतं आणि हवेला वाट मिळते. भरलेली पिशवी फुगून भोकावर दाबली गेली तर ते बंद होतं, म्हणून अजून दोन भोकं थोडी वर पाडून ठेवते मी. भोकाच्या कडेला राहिलेला प्लास्टिकचा बारीक काटा ब्लेडनं काढून टाका, नाहीतर पहिल्याच दिवशी तो पिशवी फाडेल. काही डब्यांना आतून उभ्या पन्हळी असतात, त्या याच कामासाठी. कल्पना चांगली आहे, पण पन्हळ रुंद आणि उथळ हवी. अरुंद खाच म्हणजे घाण साठायला कायमची जागा.

डब्याचा आकारही मदत करतो. वर रुंद, खाली थोडा निमुळता. पिशवी जरा वर सरकली की भिंतींपासून सुटते. सरळ, दंडगोल डबे दिसतात देखणे, पण ओढताना शेवटच्या इंचापर्यंत पिशवी घासत येते.

आता उंची. ६५ सेंटिमीटरचा डबा, त्यात ६० सेंटिमीटरची पिशवी. ती पूर्ण बाहेर यायला तिचं तोंड जमिनीपासून सव्वा मीटर वर न्यावं लागतं. बेताच्या उंचीच्या माणसाच्या खांद्याजवळ आलं ते! हात खांद्यापर्यंत उचललेले, टोकाला आठ-दहा किलो, आणि बुडातून ठिबकतंय. पाठ का दुखते कळलं? उंच डबा हवाच असेल तर त्याला समोरून दार हवं. बाहेरचं खोकं जागेवर राहतं, आतली बादली कडीला धरून समोर ओढायची. उचलणं जवळजवळ संपतं.

इथे एका बाईंचं नाव घ्यायलाच हवं. लिलियन गिलब्रेथ. १८७८ ते १९७२. औद्योगिक अभियंता, १२ मुलांची आई. पायानं उघडणाऱ्या कचऱ्याच्या डब्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. पण मला पेडलपेक्षा त्यांची पद्धत जास्त आवडते. त्या आणि त्यांचे पती फ्रँक काम करणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करायचे आणि एकेक हालचाल मोजायचे. मी तेच केलं. फोन कपाटाला टेकवून ठेवला आणि स्वतःला डबा रिकामा करताना टिपलं. झाकण काढून बाजूला ठेवलं, पिशवीची बाहेर आलेली कड सोडवली, गाठ मारली, ओढली, डबा पायानं दाबला, परत ओढली, हात धुतले, नवी पिशवी शोधायला दुसऱ्या खोलीत गेले, फुंकर मारून ती उघडली, बसवली, बुक्का मारला, झाकण शोधलं. यात कामाच्या हालचाली तीन. बाकी सगळं डब्याचे नखरे.

दुसऱ्या खोलीत जाणं मात्र त्याच दिवशी बंद झालं. पिशव्यांची गुंडाळी बाहेरच्या खोक्यात, आतल्या बादलीच्या मागे ठेवली. आत, पिशवीखाली, नाही. तिथे ठेवलेल्या पिशव्या पहिल्या गळतीत बरबटतात.

आता स्वच्छतेकडे येऊ. एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: कचरा रोज बाहेर जातो, तरी चिलटं येतात कुठून?

पिशवीखालून. पिशवी लावली म्हणून डबा धुवायचा नाही, असं आपण मनाशी धरून बसतो. पण टोकदार काहीतरी टोचतं, चार थेंब गळतात, बुडाच्या कोपऱ्यात बसतात. आता गणित बघा. २५ अंश तापमानाला चिलटाचं अंड्यापासून उडणाऱ्या किड्यापर्यंतचं आयुष्य साधारण १० दिवसांचं. उबदार हवेत घरमाशीचं अंडं एका दिवसात फुटतं आणि आठवडा-दहा दिवसांत माशी उडायला लागते. पिशवी रोज बाहेर जाते, म्हणजे तिच्यातली अंडीही जातात. दहा दिवस मुक्काम करायला मिळतो तो फक्त त्या कोपऱ्यातल्या चार थेंबांना.

म्हणून डबा हातात घेतला की मी आधी बुड बघते. भिंत आणि बुड जिथे मिळतात तिथे काटकोन आहे की गोलाई? अन्नप्रक्रियेच्या यंत्रांमध्ये आतल्या कोपऱ्यांना शक्यतो ६ मिलिमीटरची गोलाई ठेवतात, ३ मिलिमीटरच्या खाली जाणं टाळतात. कारण साधं, काटकोनात ब्रश पोचतच नाही. घरच्या डब्यासाठी माझा नियम त्याहून ढोबळ. अंगठा कोपऱ्यावरून फिरवायचा. तो न अडकता फिरला तर पास. नख लागलं तर नापास. बुडावर उठावाची नक्षी, कंपनीचं नाव, आतून दिसणारा स्क्रू, सगळं नापास.

आणि हो, जाळी. पाच-सहा वर्षांपूर्वी मी स्वतःच एक डबा बनवला होता. बुडात जाळी, जाळीखाली तबक, म्हणजे ओल्या कचऱ्याचं पाणी निथळून खाली जाईल. कागदावर फार हुशार वाटत होतं. प्रत्यक्षात एक वस्तू धुवायची होती तिथे तीन झाल्या, आणि जाळीच्या प्रत्येक छिद्रात काहीतरी अडकलेलं. महिनाभरात जाळी माळ्यावर गेली. पाणी निथळायचं असेल तर सिंकमध्येच निथळा, कचरा डब्यात जायच्या आधी. सिंकमधल्या गाळणीइतकं स्वस्त आणि गुणी उपकरण दुसरं नाही.

पाण्याचा मुद्दा वासाशीही जोडलेला आहे. ओला कचरा म्हणजे बहुतांश पाणीच. तो दाबून, बंद करून ठेवला की आतला ऑक्सिजन संपतो आणि मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. त्यांच्याकडून येतात ब्युटिरिक आम्लासारखी आंबूस आम्लं आणि सडक्या अंड्याचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड. हवेच्या एक अब्ज रेणूंमध्ये त्याचे काही मोजके रेणू असले तरी आपलं नाक पकडतं. त्यामुळे एकदम हवाबंद झाकण हा मला फसवा इलाज वाटतो. वास कोंडून राहतो आणि झाकण उघडलं की एकदम तोंडावर येतो. झाकण नीट बसावं, माशी शिरू नये, पण रबराच्या कड्याची गरज नाही. रबराच्या घडीत घाण बसते ती वेगळीच.

झुरळं अडवण्यासाठी हवाबंद झाकण हवं, असं कुणी म्हणेल. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या संशोधकांनी दाखवलं की मोठं अमेरिकन झुरळ अंग चेपून ३ मिलिमीटरच्या फटीतून जातं. घरगुती डब्याचं झाकण या शर्यतीत जिंकणार नाही. रात्री डब्यात ओलं काही नसणं, हाच उपाय.

यावरून आकार ठरतो, आणि इथे बहुतेकांचं चुकतं. आपण मोठा डबा घेतो, कारण मोठा डबा कमी वेळा रिकामा करावा लागतो. अहो, तोच तर दोष आहे त्याचा! अर्धा भरलेला मोठा डबा चार दिवस तसाच राहतो. ओल्या कचऱ्याला एका दिवसाचा कचरा मावेल एवढाच डबा हवा, बहुतेक घरांना सहा-आठ लिटर पुरतात. कडी असलेली साधी छोटी बादली, पिशवी नाही, तळाला कागदाची घडी. सुक्याला मोठा ठेवा, तो सडत नाही.

ओला-सुका वेगळा करणं ही काही आजची टूम नाही बरं का. १८८३ मध्ये पॅरिसचे प्रशासक युजेन पूबेल यांनी घरमालकांना हुकूम काढला होता, रहिवाशांना झाकणाचे डबे द्या. आणि डबे तीन: सडणारा कचरा एकात, कागद-चिंध्या दुसऱ्यात, काच, फुटकी भांडी आणि कालवांचे शिंपले तिसऱ्यात. लोक इतके वैतागले की डब्यालाच त्यांचं नाव पडलं. फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याला आजही पूबेल म्हणतात. बिचारे.

झाकण आणि पेडल पटकन आटपते. पेडल हवंच, कारण स्वयंपाक करताना हात बरबटलेले असतात. फक्त दोन गोष्टी बघा. पहिली, दांडी आणि बिजागरी बाहेरच्या खोक्यात असावी, आतल्या बादलीला त्यांचा स्पर्शही नको. दुसरी, रिकाम्या डब्याचं पेडल दाबून बघा. हलका डबा पुढे झुकतो आणि मागची बाजू उचलली जाते. तसं झालं तर खोक्याच्या तळाशी, मागच्या बाजूला, एक वजनदार फरशीचा तुकडा ठेवा. झाकण अवजारांशिवाय निघायला हवं, कारण सगळ्यात ओशट जागा असते त्याची आतली बाजू, आणि बिजागरीला लटकलेलं झाकण कुणी धड घासत नाही. हात दाखवला की उघडणारी सेन्सरची झाकणं? जी वस्तू नळाखाली धरता येत नाही ती कचऱ्याजवळ नको, एवढंच माझं मत.

साहित्यात माझी निवड ठरलेली आहे. बाहेरून स्टील चालेल, आतली बादली गुळगुळीत पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची. तारेची घासणी तिला लावू नका. ओरखड्यांमध्ये जिवाणूंचा थर बसतो आणि मग कितीही धुवा, वास जात नाही. आधी साबण आणि मऊ ब्रश, मग हवं तर ब्लीच, पाणी घालून पातळ केलेलं. ब्लीचबरोबर व्हिनेगर किंवा अमोनिया असलेलं क्लीनर कधीच मिसळू नका. विषारी वायू तयार होतात, आणि डबा धुताना आपलं डोकं डब्यातच असतं.

धुतल्यावर आपण बादली उपडी घालतो. तिची कड फरशीला सगळीकडून टेकते, आतली ओल आतच राहते, सकाळी कुबट वास. म्हणून मी काठाला तीन छोट्या खाचा पाडल्या आहेत, बोटाच्या पेराएवढ्या. उपडी घातली तरी हवा आत जाते.

(ओट्यावर उपडी घातलेली बादली उचलते, आतून कोरडं बोट फिरवते, बोट कॅमेऱ्यासमोर धरते.)

ही काल रात्री धुतलेली. खाचा करवतीनं पाडल्या, कडा सँडपेपरनं घासल्या, दहा मिनिटांचं काम. सुक्याच्या डब्याची भोकं पाडायची आहेत अजून. ड्रिल चार्ज व्हायला लावलंय.