नवी कॅम्पर, नवी बोट : ताबा घेण्याआधी

[दृश्य : अमरावती रोडवरचं गॅरेज. उभ्या कॅम्परवर (आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी) होजपाइपचं पाणी.]

सीटवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नाही. आणि पलंगावरच्या कपाटात, प्लायच्या कोपऱ्याला, पंजाएवढा ओला डाग. गाडीने अजून एकही पाऊस पाहिलेला नाही. डाग आज दिसला, कारण ताबा घेण्याआधी कुणीतरी छतावर पाइप धरला.

पेंच-ताडोबाच्या फेऱ्यांसाठी कॅम्पर घ्या, नाहीतर रामटेकजवळच्या खिंडसी तलावासाठी फायबरची बोट. दोन्हींचं बरंचसं काम हाताने होतं. एकाच कारखान्यातल्या दोन गाड्या सारख्या निघतीलच असं नाही. चकाचक शोरूममध्ये फेरी मारून यातलं काही कळत नाही. तपासायचं ते पाण्याने, वजनाने आणि उन्हात, तेही शेवटचा हप्ता हातात असताना. कर्ज असेल तर बँक पैसे थेट विक्रेत्याला देते, म्हणून तपासणी त्याच्याही आधी.

[दृश्य : पाइप दाराच्या उंबऱ्यापासून हळूहळू वर सरकतो.]

पाणी खालून वर न्यायचं. आधी दाराचा उंबरा, मग खिडक्या, मग छताची कड, आणि सगळ्यात शेवटी छतावरचा पंखा आणि सोलर पॅनलचे बोल्ट. प्रत्येक जागी पंधरा मिनिटं. सुरुवातच वरून केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते सापडत नाही. आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं, गाद्या काढून, कपाटं उघडी ठेवून. थेंब पडेलच असं नाही. पाणी अस्तराच्या मागून उतरतं आणि चाकाच्या कमानीपाशी निघतं. त्यासाठी लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र लावा. आकडा १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. २० च्या वर गेला तर पाणी मुरलंय असं धरा.

पाणी का शिरतं, ते नागपूरच्या मे महिन्याला विचारा. चार मीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा पत्रा पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या चटक्यापर्यंत ५० अंशांनी तापला, तर साधारण साडेचार मिलिमीटर वाढतो. त्याखालची लोखंडी फ्रेम तेवढीच तापली तरी अडीच मिलिमीटरच वाढते. दोन मिलिमीटरची ही ओढाताण रोज सांध्यातल्या सीलंटला, म्हणजे फट बुजवणाऱ्या लेपाला, सोसावी लागते. लवचीक पॉलियुरेथेनचं सीलंट ती सोसतं. कडक झालेला किंवा धुळीवरच भरलेला सांधा कडेने सुटतो. दुरुस्तीत मेकॅनिक जुन्या सिलिकॉनवर नवा थर ओढू लागला, तर तिथेच थांबवा. सिलिकॉनवर दुसरं काही नीट चिकटत नाही. जुनं पूर्ण खरवडून, जागा पुसून, मगच नवं भरायचं.

[दृश्य : धरमकाटा. आधी पुढची चाकं, मग पूर्ण गाडी.]

आता वजन. पाण्याची टाकी आणि डिझेल फुल करून गाडी धरमकाट्यावर न्या. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे डिझाइन करणारा कधीकधी विसरतो. पुढच्या आणि मागच्या आसाचं वजन वेगवेगळं घ्या, त्यात माणसं आणि सामान धरा, आणि कंपनीने ठरवलेल्या कमाल भाराशी ताडून बघा. मागचा आस आत्ताच मर्यादेला टेकला असेल, तर तो दोष रचनेचा आहे. स्प्रिंगची जादा पाती घालून तो जात नाही.

बॅटरीबद्दल एक वेगळी गोष्ट. बऱ्याच लिथियम बॅटऱ्या फार तापल्या की चार्जिंग घेत नाहीत, त्यांच्यातलं संरक्षण सर्किटच ते बंद करतं. उन्हात बंद उभ्या गाडीत हे सहज घडतं आणि लोक बॅटरी बदलून मागतात. बॅटरी चांगलीच असते, चुकते ती तिची जागा. मात्र फ्रिज चालू असताना बॅटरीवर १२.८ व्होल्ट आणि फ्रिजच्या टोकाला १२.२ दिसले, तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा. ते कारखान्यानेच सुधारून द्यायचं.

[दृश्य : उलटी ठेवलेली बोट. नाण्याने टकटक.]

बोटीचं बिघडतं ते साच्यातच. फायबरचे थर जोडणाऱ्या रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर साधारण एक ते दोन टक्के पडतो. कडक उन्हाळ्यात रेझिन लवकर घट्ट होतं, मग मॅट (काचतंतूंची चटई) पुरती भिजायच्या आत रोलर थांबतो आणि थरांमध्ये हवा राहते. पावसाळ्यात दमट मॅट वापरली तर थर नीट पकडत नाहीत. म्हणून बोट कोणत्या महिन्यात घडवली, हे आवर्जून विचारा. मग नाण्याने एकेका बोटाच्या रुंदीवर ठोकत चला. टणक आवाज यावा. जिथे बोदा येतो तिथे खडूने गोल करा, फोटो काढा. अॅसिटोनचा बोळा आतल्या उघड्या पृष्ठभागावर फिरवला आणि जागा चिकट झाली, तर रेझिन कच्चं राहिलंय.

बोट आधारांवर नीट टेकवून सांध्यांवर बाहेरून खडूची भुकटी फासा आणि आत चार बोटं उंचीपर्यंत पाणी भरा. गळती असेल तिथे भुकटी काळवंडते. सीटखालचं झाकणही उघडायला लावा. तिथे बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, पॉलियुरेथेन फोम हवा. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो, आणि बोट बुडू नये यासाठी हा फोमच तर शेवटचा आधार!

[दृश्य : डिलिव्हरी चालानावर पेन.]

चालानावर नुसती सही करू नका. ‘तपासणीच्या अधीन राहून स्वीकारले’ असं लिहा, खाली दोषांची यादी आणि तारीख. नोंदणी पुस्तकातला गाडीचा प्रकारही वाचा. गाडी कॅरॅव्हान आणि कागदावर साधी व्हॅन असेल, तर विम्याचा दावा अडकू शकतो.

विक्रेता दाद देत नसेल तर लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खरेदीदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे बोट कोचीहून आली असली तरी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. ५० लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर जिल्हा आयोग, मुदत दोन वर्षं. रिसॉर्टसाठी व्यापारी हेतूने घेतलेल्या बोटीला मात्र हा मार्ग सहसा मिळत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवत असाल तर मिळतो. बाकीच्यांनी या सगळ्या चाचण्या खरेदीच्या ऑर्डरमध्येच अटी म्हणून लिहून घ्याव्यात.

दुरुस्ती झाल्यावर पाइप पुन्हा लावायचा. त्याच कोपऱ्यावर, तेवढाच वेळ. ओलावा पुन्हा मोजून तो आकडा जॉब कार्डवर लिहून घ्यायचा, आणि मगच चावी.