उलाळ

नमस्कार श्रोतेहो.

बैलगाडीत कडबा भरताना आमचे आजोबा एक शब्द वापरायचे, उलाळ. पेंढ्या मागच्या अंगाला जास्त पडल्या की जू वर उचललं जायचं, मानेवरचं ओझं जायचं आणि जुपण्या, म्हणजे जुवाचे गळपट्टे, बैलांच्या गळ्याला काचायच्या. "गाडी उलाळ झाली, पुढं घ्या," असं आजोबा ओरडायचे. मी पुण्यात आलो, नाना पेठेतल्या गॅरेजमध्ये रमलो, बैलगाडी सुटली आणि तो शब्दही विसरलो. परत ऐकला तो साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर, उतारावर, ताशी सत्तरच्या वेगात. माझ्या हातात एसयूव्हीचं स्टिअरिंग, मागे ट्रेलर, ट्रेलरवर जुनी फियाट आणि शेजारच्या सीटवर आमचे मिस्त्री.

फियाट वाईच्या एका वाड्यात बरीच वर्षं उभी होती. वाड्याचा दरवाजा असा, की गाडी मागच्या तोंडानंच बाहेर निघायची. आम्ही विंचनं, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या चरख्यानं, ती तशीच, शेपटी पुढे करून ट्रेलरवर चढवली. फिरवून घ्यायचा कंटाळा केला, दुसरं काय! म्हणजे इंजिन गेलं मागे. त्यात मालकांनी हौसेनं जपलेला एक जादा गिअरबॉक्स आणि चार टायर दिले, ते आम्ही ट्रेलरच्या मागच्या टोकाला बांधले. सुरूर फाट्यापर्यंत सगळं झकास. हायवेला साठपर्यंतही काही कळलं नाही. बोगद्यातून बाहेर पडलो, उतार लागला, एक ट्रक उजवीकडून सुसाट गेला, त्याच्या हवेचा धक्का बसला आणि डाव्या आरशात मला फियाटचा मागचा दिवा दिसला. तो तिथे दिसायला नको होता. तो गेला आणि उजव्या आरशात दुसरा दिवा आला. पुन्हा डावा. दर खेपेला थोडा जास्तच.

माझा पाय ब्रेककडे निघाला होता. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "ब्रेकला पाय लावू नकोस. रेस सोड. स्टिअरिंग सरळ धर, झुंजू नकोस त्याच्याशी." पाचसात सेकंदं असतील. पंचावन्नच्या खाली आल्यावर ते दिवे आरशातून गेले. मिस्त्री म्हणाले, "उलाळ गाडी आहे ती. भरतानाच सांगितलं होतं तुला." मला कुणी काहीही सांगितलं नव्हतं, पण वाद घालायची ती वेळ नव्हती. पुढं एसच्या आकाराचं ते वळण होतं.

तेव्हापासून गॅरेजवर कुणीही विचारायला आलं, "माझी एसयूव्ही दोनशे घोड्यांची आहे, ओढेल ना?" तर मी म्हणतो, ओढेल हो. ओढण्याची काळजी नाहीच. युरोपात गाडीची ओढण्याची क्षमता ठरवताना १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघायला लावतात. म्हणजे परीक्षा चढाची. माझा जीव गेला होता तो उतारावर.

आता ट्रेलरची ती शेपटी हलते कशानं ते सांगतो. एसयूव्हीच्या मागे लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरची टोपी बसते. ट्रेलर त्या गोळ्याभोवती डावीउजवीकडे फिरू शकतो, फिरायलाच हवा, नाहीतर वळणार कसा? वजन चाकांच्या पुढे असेल तर ट्रेलर हलला तरी आपोआप रांगेत येतो. वजन मागे असेल तर तो धक्का खाल्ल्यावर सरळ रेषा ओलांडून पलीकडे जातो, परत येताना आणखी पलीकडे. वेग जितका जास्त तितका तो झोका उशिरा शांत होतो, आणि एका वेगानंतर शांत होतच नाही, वाढतच जातो. अशा वेळी आपण स्टिअरिंग उलटं फिरवतो ते नेहमी अर्धा क्षण उशिरा पोहोचतं आणि पुढच्या झोक्याला हात देतं. ब्रेक मारला तर पुढची गाडी दबते आणि मागचं दीड टन तिला ढकलून जोड कोपरासारखा दुमडतो. ट्रेलरला विजेवर चालणारे स्वतंत्र ब्रेक असतील आणि त्याचं बटण डॅशबोर्डवर असेल, तर मात्र तेवढे एकटेच हलकेच लावावेत, मागून लगाम ओढल्यासारखे. काही जण अजूनही सांगतात की रेस द्या, ताणून सरळ होईल. खंबाटकीच्या उतारावर हा सल्ला देणाऱ्यानं माझ्या शेजारी बसावं.

म्हणजे सगळा खेळ गोळ्यावर किती वजन येतं याचा. अमेरिकेत धरतात ते ट्रेलर आणि मालाच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के. युरोपात त्याहून कमी धरतात, पण तिकडे वेगही कमी असतो. जर्मनीत ट्रेलर लावलेल्या मोटारीला साधारण ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. आमचा हिशेब बघा. फियाट नऊशे किलोच्या आसपास, ट्रेलर सहाशे, एकूण दीड हजार. दहा टक्के म्हणजे दीडशे किलो गोळ्यावर हवेत. ट्रेलरच्या चाकांपासून गोळा तेरा फुटांवर. फियाट एक फूट पुढे सरकवली, की गोळ्यावर सत्तर किलोच्या आसपास वाढतात. एक फूट! पट्टे सैल करून, विंचचं हँडल थोडं फिरवून होणारं काम. आम्ही पायथ्याला गाडी बाजूला घेतली, टायर आणि गिअरबॉक्स काढून एसयूव्हीच्या डिकीत टाकले, फियाट जितकी पुढे जाईल तितकी घेतली आणि निघालो. पुण्यापर्यंत पुन्हा तो दिवा दिसला नाही.

मोजायचं कसं? घरच्या वजनकाट्यावर दीडशे किलो ठेवलेत तर काट्याचाच जीव जाईल. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी करून दाखवलं. सपाट जागा, ट्रेलर भरलेला, त्याच्या चाकांना ठोकळे. एक मजबूत फळी घ्यायची. तिचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, मधलं अंतर तीन फूट. ट्रेलरचं तोंड विटेपासून एक फुटावर, पाइपच्या एका तुकड्यावर अलगद टेकवायचं. काटा दाखवेल त्याची तिप्पट. काटा ५० म्हणाला तर गोळ्यावर १५०. फळीचं वजन आधी वजा करायचं, हे मिस्त्री तीनदा बजावून सांगतात. किराणा दुकानातला काटा चालतो, पण दुकानदाराला आधी विचारा. संपूर्ण वजन हवं असेल तर हायवेला ट्रकचे वजनकाटे आहेतच. पाचपन्नास रुपयांनी कुणी गरीब होत नाही.

दीडशे मिळाले म्हणून लगेच निघायचं नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तकात गोळ्यावर किती वजन चालेल ते वेगळं दिलेलं असतं. तिथे ७५ लिहिलं असेल तर हा ट्रेलर त्या गाडीचा नव्हे, मग इंजिन कितीही दणकट असो. आणि पुस्तकात ओढण्याबद्दल अक्षरही नसेल तर ते गृहीत धरायचं नाही. बाहेरून हूक, म्हणजे गोळ्याचा सांगाडा, ठोकून देणारा हो म्हणतोच, त्याचं पोट त्यावर आहे. हूक चॅसीला बोल्ट केलेला हवा, बंपरला नव्हे. गोळ्यावर वजन फार झालं तर मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. आजकाल एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गाड्यांना ओढणारी चाकं पुढचीच असतात. त्यांची पुढची चाकं हलकी करून ओल्या चढावर निघालात, तर चाक जागेवर फिरतं आणि मागे रांग लागते.

आता उतार. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना उंची सुमारे साडेपाचशे मीटरनी कमी होते. एसयूव्ही दोन टन, मागे दीड, मिळून साडेतीन टन. एवढं ओझं एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा सुटते ती पाच युनिट विजेच्या वर आहे. घरातला दोन हजार वॅटचा गीझर अडीच तास चालावा, तेवढी उष्णता. थोडी हवेत जाते, थोडी टायरमध्ये, बाकी कुणीतरी घ्यायची. एकतर इंजिननं, नाहीतर ब्रेकनं. ब्रेकनं सगळी घेतली तर लायनर जळल्याचा वास येतो आणि काही वेळानं पेडल दाबूनही गाडी दाद देत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरनं चढलास त्याच गिअरनं उतर. ऑटोमॅटिक असेल तर हातानं खालच्या गिअरला आणा. ब्रेक मधूनमधून ठाम दाबा आणि सोडा, पाय टेकवून ठेवू नका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांबद्दल काय बोलावं! कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर काय काय अपघात झालेत ते पुणेकरांना मी सांगायला नको.

ट्रेलरलाही स्वतःचे ब्रेक हवेत. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ते सक्तीचेच आहेत. त्यातला एक साधा प्रकार असा, की पुढची गाडी मंद झाली की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्यानं तोंडाजवळचा दांडा आत सरकतो आणि ट्रेलरचेच ब्रेक लागतात. मागचा जितका ढकलेल तितका स्वतःला आवरेल. घरातसुद्धा असा एखादा माणूस असावा! मात्र जुन्या ट्रेलरला रिव्हर्स घेताना हाच दांडा दगा देतो. मागे रेटलं की ब्रेक लागून बसतात. त्यासाठी खिटी असते, ती आधी लावायची.

बांधण्याबद्दल थोडक्यात सांगतो. चार पट्टे, चारही चाकांना. बंपरला किंवा बॉडीला बांधलेली गाडी स्प्रिंगवर नाचते आणि नाचून नाचून पट्टा सैल करते. चाक बांधलं की वरची गाडी हवं तेवढं डुलू दे. नायलॉनचा दोर नको, तो ताणतो. टोपी गोळ्यावर बसली की खटका लागला का ते हातानं उचलून बघायचं, डोळ्यांवर विश्वास नको. खालच्या दोन साखळ्या एकमेकींना फुलीसारख्या ओलांडून लावायच्या, म्हणजे टोपी निसटलीच तर ट्रेलरचं तोंड डांबरात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतं. दहापंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ओढायचे. पहिल्या खेपेला ते हमखास सैल झालेले असतात.

आणि चहाला थांबलात की चहा सांगून ट्रेलरकडे जा. तळहाताची मागची बाजू चाकाच्या मध्यभागी धरा. कोमट असेल तर ठीक. हात मागे घ्यावा लागला तर बेअरिंग कोरडी आहे. दोन चाकांमध्ये फरक जाणवला तरी समजा की गडबड आहे. ट्रेलर वर्षभर मोकळ्या जागेत उभा असतो, त्याचं ग्रीस कोण बघतो? टायरचंही तेच. नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मेलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तुमच्या ट्रेलरचे आकडे आज जाऊन वाचा, माझे वाचल्यावर मी दोन टायर त्याच दिवशी बदलले. ट्रेलर हे कायद्यानं स्वतंत्र वाहन आहे, त्याला स्वतःची नोंदणी आणि स्वतःचा नंबर लागतो, हे मला एका फौजदार साहेबांनी रस्त्याच्या कडेला समजावलं.

खरं सांगायचं तर ज्याला वर्षातून एकदा गाडी हलवायची आहे त्यानं सपाट पाठीचा ट्रक बोलवावा. ट्रेलर ज्याच्याकडे पाचसहा जुन्या गाड्या आहेत किंवा ज्याला हे सगळं करण्याचीच हौस आहे, त्याचं काम.

त्या दिवशी आम्ही दिवेलागणीला नाना पेठेत पोहोचलो. गॅरेजची गल्ली जेमतेम दहा फूट. रिव्हर्सला ट्रेलर उलटा वागतो: शेपटी डावीकडे हवी तर स्टिअरिंग उजवीकडे. सोपी युक्ती अशी, की हात स्टिअरिंगच्या तळाला धरायचा आणि शेपटी जिकडे न्यायची तिकडे हात न्यायचा. मला हे माहीत होतं. पण गल्लीच्या तोंडाशी सहा जण जमले होते, सहाही जण वेगवेगळ्या दिशांना हात दाखवून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होते. एका पानवाल्यानं तर दुकान सोडून सूत्रं हातात घेतली. अर्ध्या तासात तीन वेळा ट्रेलर आडवा झाला, दोन रिक्षा अडकल्या, वरच्या गॅलरीतून एक आजी "अहो, झालं का?" विचारून गेल्या. शेवटी मिस्त्री उतरले. ट्रेलरच्या तोंडाखालचं छोटं चाक खाली घेतलं, साखळ्या सोडल्या, खटका उचलला, ट्रेलर गोळ्यावरून सोडवला आणि त्या सहा जणांना म्हणाले, "हात काय दाखवताय, हात लावा." चार मिनिटांत ट्रेलर फियाटसकट आत होता.

नमस्कार.