आधी रक्त, मग सलाईन

(पावसात भिजलेली गाडी. थर्माकोलचा डबा आत नेला जातो.)

रत्नागिरी. रक्तातले जंतू शोधणारी प्रयोगशाळा. भातलावणीचे दिवस. तापाचा पेशंट आला की पहिला संशय लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा. पण डब्यातून आलेल्या रक्ताच्या या बाटल्यांत लेप्टोचा जंतू सहसा वाढत नाही. इथे शोध असतो तो रक्तात शिरलेल्या इतर जिवाणूंचा.

(यंत्रातली बाटली, अगदी जवळून.)

प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त. यंत्रात ३५ अंशांच्या आसपास ऊब. जिवाणू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि बुडाची करडी चकती पिवळी पडते. ही बघा, पडली.

एक थेंब काचेवर. रंग दिला, धुतला. सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी काड्या. आणखी थोडं जिवाणूंच्या खाद्याच्या ताटलीवर पसरलं. दुसऱ्या दिवशी क्लेब्सिएला नावाचा जिवाणू उगवून आलाय. प्रयोगशाळेतल्या ताईंनी तारेच्या कडीनं उचलला, तर फणसाच्या चिकासारखा ओढला गेला!

(गोल चकत्यांची ताटली.)

आता खरी परीक्षा. जिवाणू ताटलीभर सारवायचे, त्यावर औषधात भिजवलेल्या ६ मिलिमीटरच्या चकत्या ठेवायच्या आणि १६ ते १८ तास थांबायचं. औषध चाललं, तर भोवती स्वच्छ कडं दिसतं. ताई पट्टीनं मोजतात. या चकतीभोवती कडंच नाही. ही मेरोपेनेमची. एरवी हे राखून ठेवलेलं औषध. जिवाणूंनी बनवलेली एनडीएमसारखी विकरं (एन्झाइम) ते फोडून टाकतात. त्यांचं जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातं.

मग कोलिस्टिनसारखं शेवटचं औषध उरतं, तेही मूत्रपिंडांना जड. काही पेशंट रिपोर्टच्या आधीच आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलेले असतात.

(ताई रिकामी बाटली हातात धरून.)

ताईंची तक्रार वेगळीच. बाटली येते, पण आधी दोन सलाईनमधून अँटिबायोटिक गेलेलं असतं. मेडिकलमधून सुट्या घेतलेल्या चार गोळ्या तर कागदावर लिहिलेल्याही नसतात. पाकिटावरची, चिठ्ठीशिवाय घेऊ नका सांगणारी लाल रेघ कोण बघतंय? मग जिवाणू अर्धमेले, बाटलीत काही वाढत नाही, आणि डॉक्टर अंदाजानं आणखी भारी औषध लावतात. डोस उशिरा द्या असं ताई म्हणत नाहीत. सुई लावतानाच, औषधाआधी, रक्ताच्या दोन बाटल्या भरा, एवढंच. पाच मिनिटांचं काम.

(यंत्राचा बीप. आणखी एक चकती पिवळी.)

ताई हातमोजे बदलतायत.