हात न लावता पट्टी

(दृश्य: सांगली मार्केट यार्ड. हळदीचा सौदा, ढिगाभोवती व्यापाऱ्यांची गर्दी.)

हळकुंड हातात घ्यायचं, मोडायचं, आतला रंग बघायचा आणि बोली बोलायची. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण पारख अजून अशीच होते. सौदा बघता बघता उरकतो. वेळ जातो तो नंतर, अडत दुकानाच्या आतल्या खोलीत.

(दृश्य: संगणकाचा पडदा. मग मोकळा कीबोर्ड.)

कीबोर्डवर कुणाचाही हात नाही. तरी शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर असा एकेक रकाना भरत चाललाय.

सौद्याच्या नोंदी एक्सेलमध्ये असतात. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब, निघते ती हिशेबाच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून, आणि त्यात बाहेरची फाईल घ्यायची सोयच नाही. आकडे दुकानदाराचे, सॉफ्टवेअरही त्यानंच पैसे मोजून घेतलेलं, तरी तेच आकडे रोज दुसऱ्यांदा बडवायचे! दिवाणजींच्या पुतणीनं त्यावर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तोडगा काढला, एक छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट लिहून.

(दृश्य: कोडच्या ओळी, जवळून.)

विंडोजमध्ये सेंडइनपुट नावाचं फंक्शन आहे. ‘अमुक बटण दाबलं’ असं त्याला कळवलं, की ती नोंद खऱ्या कीबोर्डच्या बटणांच्याच रांगेत जाऊन बसते. बोटानं दाबलं की कोडनं, हे समोरच्या सॉफ्टवेअरला सहसा कळत नाही. बटण दाबणं ही एक घटना, सोडणं ही दुसरी. दोन्ही पाठवाव्या लागतात. शिफ्ट दाबून सोडायचं राहिलं तर काय होतं, ते इथं मुद्दाम करून दाखवलंय. दराच्या रकान्यात ४ च्या जागी डॉलरचं चिन्ह आलं.

मराठीसाठी बटणं शोधत बसायचं नाही, अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात त्या अक्षराला ठरवून दिलेला आकडा, थेट पाठवायचा. ‘हळद’चे तीन क्रमांक. ‘सांगली’ दिसायला तीन अक्षरं, पण क्रमांक सहा: स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी. युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्राममध्ये या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. हे सॉफ्टवेअर निदान तेवढं तरी जाणतं.

(दृश्य: टायपिंग चालू असताना नोटपॅड पुढे येतं.)

“काका, आता माऊसला हात लावू नका हं.”

काकांनी लावलाच. बटणं जातात ती त्या क्षणी पुढे असलेल्या विंडोत, मग ती कुठलीही असो. पुढच्या शेतकऱ्याची पोती गेली नोटपॅडमध्ये. म्हणून ही स्क्रिप्ट प्रत्येक ओळीआधी पुढे असलेल्या विंडोचं शीर्षक वाचते आणि ते जुळलं नाही तर जागीच थांबते. नावावर एंटर मारल्यावरही ती क्षणभर दम घेते, कारण सॉफ्टवेअर तेव्हा खातं शोधत असतं. घाई केली की गावाच्या नावातली पहिली अक्षरं गळतात.

हिशेबाचं सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेलं असेल आणि स्क्रिप्ट साध्या अधिकारानं चालत असेल, तर एक अक्षरही उमटत नाही. कमी अधिकाराच्या प्रोग्रामनं जास्त अधिकाराच्या विंडोत टाइप करायचं नाही, ही आडकाठी विंडोज व्हिस्टापासूनची. सुरक्षेसाठी ती हवीच. पण आपण अडवलं, एवढं सांगायचं सौजन्यही विंडोज दाखवत नाही, आणि माणूस कोडमधली चूक शोधत बसतो.

(दृश्य: प्रिंटरमधून निघणाऱ्या पट्ट्या.)

संध्याकाळी टायपिंगला येणाऱ्या मुलाला आता रोज बोलावत नाहीत.

दिवाणजी प्रत्येक पट्टीवरचं वजन तोलाईच्या चिठ्ठीशी ताडून बघतात आणि मगच सही करतात. सॉफ्टवेअरवाल्यांनी उद्या एखादा रकाना वर-खाली केला, तर टॅबच्या बटणानं रकान्यांतून पुढे सरकायचा क्रम चुकेल आणि स्क्रिप्ट नव्यानं जुळवावी लागेल. फाईल घ्यायची सोय त्यांनी दिली, तर स्क्रिप्टच लागणार नाही. मागणी करून झाली आहे. अजून दिलेली नाही.