मेंटेनन्सचं बिल आणि तहकुबीचा अर्धा तास

मंडळी, विषय पत्रिकेवर छापलाच आहे: सोसायटीचं मेंटेनन्स आणि सभासदाचे हक्क. हक्कांकडे येतोच, पण आधी एका काकूंबद्दल सांगू द्या. त्यांच्यामुळेच मी या विषयात पडलो.

काकू पेन्शनवर राहतात, वन बीएचकेत. एका एप्रिलमध्ये त्यांचं बिल एकदम दीडपट आलं. कशामुळे? तर ‘मेजर रिपेअर’. काकूंनी सेक्रेटरींकडे कंत्राटदाराची कोटेशनं बघायला मागितली. उत्तर मिळालं, “काकू, ते मीटिंगमध्ये पास झालंय.” मीटिंगला काकू हजर होत्या, आणि असं काही पास झालेलं त्यांना आठवत नव्हतं.

मग आम्ही लिफ्टशेजारच्या फलकावर डकवलेली जुनी नोटीस काढून वाचली. विषय नेहमीचेच: मागचं इतिवृत्त, हिशेब, ऑडिटरची नेमणूक. सर्वात खाली, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. त्याखाली बारीक अक्षरात, ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल’. तुमच्यापैकी किती जणांच्या नोटिशीवर ही ओळ असते? बघा, सगळेच हात वर! गणसंख्या म्हणजे सभा चालवायला लागणारी किमान हजेरी: दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांतली जी कमी असेल ती. तेवढेही जमत नाहीत आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. काकू साडेनऊला औषधाची वेळ झाली म्हणून घरी गेल्या. त्यानंतर पार्किंगमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर जे सात जण उरले, त्यांतले पाच कमिटीचे. आयत्या वेळचा विषय म्हणून लाखोंचं काम मंजूर झालं. इतिवृत्तात त्यावर चार ओळी आहेत आणि शेवटी ‘सर्वानुमते’.

मला याचा मनापासून संताप येतो. मुंबईच्या गामदेवीत १९१५ साली रावबहादूर तालमकींच्या पुढाकाराने सारस्वत गृहनिर्माण सोसायटी उभी राहिली, ती भाडेकरूला घरमालकाच्या मर्जीतून सोडवायला. शंभर वर्षांनी आपण स्वतःच्या घरात पुन्हा कुणाच्या तरी मर्जीवर राहायचं? मेंटेनन्स वाढणारच. वॉचमनचा पगार वाढतो, लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराचा खर्च वाढतो, जुन्या इमारतीचं प्लॅस्टर सुटतं. माझी तक्रार वाढीबद्दल नाहीच, ती हिशेब न दाखवता होते याबद्दल आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटं उरली. म्हणजे हक्क आता भराभर सांगावे लागणार. लिहून घ्या.

सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, लिफ्ट, सफाई अशा सामाईक सेवांचा खर्च, सर्व सदनिकांना सारखं असतं. फ्लॅट मोठा म्हणून जास्त घेता येत नाही, व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हेच मान्य केलं. तुमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर मात्र हिशेब वेगळा, तिथे सामाईक मालकीतल्या प्रत्येकाच्या हिश्श्याप्रमाणे. पाणी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या बांधकामासाठी साठवायची रक्कम, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का, दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का. या दोन्हींचा दर सर्वसाधारण सभा ठरवते, कमिटी नाही. फ्लॅट भाड्याने दिलात तर स्वतः राहत नसल्याबद्दलचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि हे दहा टक्के महापालिकेचे कर वगळून. थकबाकीवर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, कमाल २१ टक्के व्याज, तेही सरळव्याज. चक्रवाढ लावलेली बिलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत झालीच पाहिजे. नोटीस चौदा पूर्ण दिवसांची. ती हातात पडली की आपला विषय लेखी द्या आणि पोच घ्या. आणि कृपा करून त्या अर्ध्या तासानंतरही खुर्ची सोडू नका. वीस जण बसून राहिले तर सातांचं ‘सर्वानुमते’ होत नाही.

मागून प्रश्न आलाय, कागद दिलेच नाहीत तर? ताळेबंद, ऑडिट रिपोर्ट, सभांची इतिवृत्तं यांच्या प्रती लेखी मागून, शुल्क भरून घेण्याचा हक्क सहकार कायद्याने सभासदाला दिला आहे. नाकारल्या तर तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे. ठरावालाच आव्हान द्यायचं असेल तर त्याच कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात. पण तोवर बिल थकवू नका, ‘हरकत राखून’ असं लिहून भरा. थकबाकीदार ठरलात तर कमिटीच्या निवडणुकीला उभं राहता येणार नाही, आणि काकू पुढच्या वेळी उभ्या राहणार आहेत.